अव्याहत दुरुस्ती : कोड एडिटर आणि आपली देवनागरी

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी जतन करून ठेवलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर या संतकवीने पंचीकरणाचा विषय लिहून काढला. कापडावर शाईने उमटलेले अक्षर खरवडून काढता येत नाही. चुकले तर त्याची खूण कायमची राहते. दासोपंतांच्याच हयातीत, बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या पलीकडील तीरावर, पैठणास एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे कार्य पूर्ण केले. जवळजवळ तीनशे वर्षे नकलांमागून नकला होत गेल्याने ग्रंथात शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली.

लिहिलेल्या मजकुरात दोष शिरणे, तो शोधून काढणे आणि तो काढताना नवा दोष आत येऊ न देणे हा व्यवहार, तेव्हा, आपल्या मुलखाला नवा नाही. आज हाच व्यवहार संगणकाच्या जगात रात्रंदिवस चालू आहे. त्याचे एक चांगले उदाहरण म्हणजे ‘कोड एडिटर’ या नावाने ओळखले जाणारे साधन होय. बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात वा अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी असे साधन रोज वापरतात. त्यातील दुरुस्त्या कोण करतो, कशा करतो, आणि त्या दुरुस्त्यांत मराठी अक्षराला स्थान कोठे आहे, याची माहिती करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आज्ञावलीची वही

संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. या आज्ञांच्या संहितेस ‘कोड’ म्हणतात आणि ती ज्या वहीत लिहावयाची, खोडावयाची, पुन्हा लिहावयाची, ती वही म्हणजे कोड एडिटर. ही वहीसुद्धा एक आज्ञावलीच असते. सुताराने रंधा वापरून रंधाच तयार करावा, तसे एडिटर तयार करणारे लोक आपले काम त्याच एडिटरमध्ये करीत असतात. आपल्या हत्याराचा बोथटपणा त्यांना स्वतःलाच प्रथम जाणवतो, हा या व्यवसायाचा एक मोठा लाभ आहे.

या साधनांची परंपरा जुनी आहे. ‘इमॅक्स’ आणि ‘व्हीआय’ या दोहोंचा उगम १९७६ च्या सुमाराचा. ‘व्हीआय’च्या धर्तीवर ब्राम मोलेनार या डच तंत्रज्ञाने ‘व्हिम’ हा एडिटर रचला व तो १९९१ मध्ये प्रसृत केला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, ते त्यात क्रमांकवार दुरुस्त्या करीत राहिले. व्हिम विनामूल्य दिला जात असे. मात्र वापरणाऱ्याने शक्य झाल्यास युगांडातील अनाथ मुलांसाठी देणगी द्यावी, अशी त्यांची विनंती त्यासोबत असे. त्यांच्यामागे इतर सहकाऱ्यांनी काम हाती घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेली नवी आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण केली.

सध्याच्या विद्यार्थिवर्गात अधिक प्रचलित असलेला एडिटर म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’. तो एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाला व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याची मूळ संहिता सर्वांस पाहावयास खुली करण्यात आली. पुढील विवेचनात मुख्यतः त्याचाच आधार घेतला आहे. त्याचे कारण तो सर्वांत चांगला आहे असे नव्हे (याविषयी तज्ज्ञांत जे वाद होतात त्यात न पडलेलेच बरे), तर त्यातील प्रत्येक दोषाची नोंद व प्रत्येक दुरुस्ती कोणासही वाचता येते, हे होय.

सातबारा आणि फेरफार

दुरुस्तीचे तत्त्व समजून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. जमिनीचा सातबारा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. खरेदी झाली, वारस लागला, बोजा चढला, तरी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाहीत. प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक घालून नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. लिहिण्यातील निव्वळ चूक असेल तर ती सुधारण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये वेगळी केलेली आहे. सातबारा आजची स्थिती दाखवितो. ती स्थिती कशी आली हे फेरफार सांगतो.

एडिटरची संहिता ज्या पद्धतीने राखली जाते ती याहून फारशी निराळी नाही. दुरुस्ती करणारा मूळ संहितेवर हात चालवीत नाही. तो आपला प्रस्तावित बदल स्वतंत्र नोंदीच्या रूपाने मांडतो. दुसरा जाणकार तो तपासतो, हरकती घेतो, आणि मान्य झाल्यावर तो बदल मुख्य संहितेत सामील होतो. कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने कोणती ओळ बदलली याची नोंद कायम राहते. दहा वर्षांनंतरही ती उघडून पाहता येते.

आणखी मौजेची गोष्ट अशी की, एडिटरच्या पोटात मजकूर ज्या रीतीने साठविला जातो, तेथेही अलीकडे हेच तत्त्व अवलंबिण्यात आले आहे. आरंभी व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये प्रत्येक ओळीसाठी स्मृतीत एक स्वतंत्र नोंद केली जाई. लहान मजकुराला ही रचना पुरेशी होती. परंतु एका वापरकर्त्याने कळविले की, ३५ मेगाबाइटची एक फाइल त्याला उघडताच येत नाही. शोध घेता असे आढळले की त्या फाइलीत १ कोटी ३७ लाख ओळी होत्या. प्रत्येक ओळीच्या नोंदीला ४० ते ६० बाइट लागत असल्याने केवळ ओळींची यादी सांभाळण्यासाठी सुमारे ६०० मेगाबाइट जागा खर्ची पडत होती. म्हणजे मूळ मजकुराच्या जवळजवळ वीस पट. दप्तरापेक्षा दप्तराचा बासनगठ्ठाच जड व्हावा, त्यातला हा प्रकार!

हा दोष एखादी ओळ बदलून जाण्यासारखा नव्हता. २०१८ मध्ये साठवणीची रचनाच बदलण्यात आली. नव्या रचनेत मूळ मजकुराला हात लावला जात नाही. जे नवे लिहिले जाईल ते वेगळ्या जागी क्रमाने साठत जाते, आणि ‘मूळ मजकुरातील अमुक तुकडा, त्यानंतर नव्यातील तमुक तुकडा, पुन्हा मुळातील पुढचा तुकडा’ अशी तुकड्यांची एक यादी ठेवली जाते. पडद्यावर दिसणारा सलग मजकूर या यादीवरून जुळविलेला असतो. यादी लांबली तरी हवा तो तुकडा त्वरित सापडावा म्हणून ती वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रचतात. वापरणाऱ्याला यातले काहीच दिसले नाही. त्याला दिसले ते इतकेच की, पूर्वी न उघडणारी फाइल आता उघडते. चांगल्या दुरुस्तीचे लक्षण बहुधा असेच असते.

महिन्याचा परिपाठ

या एडिटरची नवी आवृत्ती अनेक वर्षे साधारणतः दर महिन्यास निघत आली. महिन्याच्या आरंभी काय हाती घ्यावयाचे याचा आराखडा प्रसिद्ध होई, मधले आठवडे कामाचे, आणि अखेरचा आठवडा नवे काही न लिहिता केवळ परीक्षणासाठी राखून ठेवलेला. या आठवड्याचा एक नियम उल्लेखनीय आहे. ज्याने दोष दुरुस्त केला त्याने स्वतः ‘दुरुस्त झाले’ असे प्रमाणपत्र द्यावयाचे नाही. ते दुसऱ्याने पडताळून द्यावयाचे. ज्यांना धीर नसेल अशांसाठी रोजच्या रोज तयार होणारी एक कच्ची आवृत्तीही उपलब्ध असते. ती वापरणारे लोक एका अर्थी स्वेच्छेने परीक्षक बनतात.

एवढी दक्षता घेऊनही दोष उरतात, आणि कित्येक दोष तर दुरुस्तीतूनच उपजतात. बीडच्या कापूस उत्पादक शेतकऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. २००२ मध्ये बोंडअळीवर उपाय म्हणून बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. काही वर्षे बोंडे वाचली; पण अळीने प्रतिकारशक्ती मिळविली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर पऱ्हाटीचे मोठे नुकसान केले. संगणकात अळीचे काम परस्परावलंबन करते. एका ठिकाणी केलेला बदल, ज्याचा त्याच्याशी काही संबंध असेल अशी कल्पनाही नव्हती, अशा दुसऱ्या ठिकाणी जाऊन बाधतो. म्हणून प्रत्येक जुन्या दोषाबरोबर त्याची एक चाचणी लिहून ठेवण्याची प्रथा आहे, जेणेकरून तो दोष परत आला तर यंत्रच ओरडून सांगेल.

दोष आणि मागणी

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. जे व्हावयास हवे ते होत नसेल, तर तो दोष. जे अद्याप नाहीच पण असावे असे वाटते, ती मागणी. दोषाला मते लागत नाहीत. तो सिद्ध झाला की त्याची नोंद होते. मागणीचे तसे नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या प्रकल्पाने असा नियम घालून घेतला की, नव्या मागणीस साठ दिवसांत वापरकर्त्यांची किमान वीस मते मिळाली तर ती विचारार्थ यादीत जाईल, अन्यथा ती बंद केली जाईल.

नियम अन्याय्य आहे असे म्हणता येणार नाही. हजारो मागण्यांतून निवड कशी करावयाची, हा प्रश्न खराच आहे. शिवाय लोकांच्या आग्रहातून उत्तम सुधारणा घडल्याची उदाहरणेही आहेत. आज्ञावलीत कंसामागून कंस येतात आणि कोणता कंस कोठे मिटतो हे कळेनासे होते. जोडीच्या कंसांना एकच रंग देणारी एक पुरवणी बाहेरच्या एका तंत्रज्ञाने तयार केली होती. ती लाखोंनी वापरली, परंतु मोठ्या फाइलींत ती फार मंद चाले. २०२१ मध्ये ही सोय एडिटरच्या मूळ संहितेतच नव्या पद्धतीने आणण्यात आली आणि ती काही प्रसंगी दहा हजार पट वेगवान ठरल्याचे कर्त्यांनी जाहीर केले.

तथापि कंसांचा त्रास जगातील प्रत्येक प्रोग्रॅमरला होतो. मराठी अक्षराचा त्रास मराठी लिहिणाऱ्यासच होतो. त्याची वीस मते कोणी गोळा करावयाची?

एक पऱ्हाटी, तीन लेखने

मराठीचा प्रश्न नेमका काय आहे, हे पाहू. संगणक अक्षर ओळखत नाही, सांकेतिक अंक ओळखतो. पूर्वी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागा बळकावून बसत. फॉन्ट बदलला की मजकुराचे कडबोळे होई. ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीने देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र अंक दिला आणि हा गोंधळ मिटविला. ‘अॅ’ या उच्चाराचे ‘ॲ’ हे मराठी अक्षर मात्र त्यात २००८ च्या आवृत्तीत दाखल झाले. अशी उणीव भरून निघण्यास कोणीतरी ती लेखी मांडावी लागते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आता आपल्या नेहमीच्या ‘पऱ्हाटी’ या शब्दाकडे वळू. त्यातील अर्ध्या ‘र’चे आडवे रूप ही मराठीची खास लकब आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल भाग. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. भेद केवळ रूपाचा नसून अर्थाचा आहे. हे आडवे रूप युनिकोडमध्ये एकाहून अधिक मार्गांनी लिहिता येते. खाली टिंब असलेला ‘ऱ’ व हलन्त चिन्ह, हा एक मार्ग. साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यानंतर डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह, हा दुसरा. साधा ‘र’, त्यास वेगळे जोडलेले टिंब आणि हलन्त चिन्ह, हा तिसरा. पहिल्या मार्गाने ‘पऱ्हाटी’ या शब्दाला सात संकेतांक लागतात, उरलेल्या दोहोंनी आठ. कागदावर छापले असता तिन्ही शब्द सारखे दिसतात.

परंतु बहुतेक एडिटर शोध घेताना रूप पाहत नाहीत, अंक पाहतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. पहिला व तिसरा मार्ग एकच समजावा असा युनिकोडचाच नियम आहे व त्यानुसार मजकूर समान करून घेता येतो. दुसऱ्या मार्गाला मात्र तो नियम लागू पडत नाही. ‘शेतकरी’ या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की हे अक्षर आलेच : शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांची, शेतकऱ्यांसाठी. सातबाऱ्यावर, कऱ्हाड, गोऱ्हे, हीही त्यातलीच. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने लाभार्थ्यांच्या यादीतून एका आडनावाच्या नोंदी वेगळ्या काढणारी आज्ञावली लिहिली. यादी दोन ठिकाणी, दोन कळफलकांवर टंकलिखित झालेली असेल, तर निम्मी नावे गळतील आणि आज्ञावली कोणतीही चूक दाखविणार नाही. गळलेला माणूस कार्यालयात येऊन उभा राहील तेव्हाच ती उमगेल. आणि पडद्यावर तर त्याचे नाव अगदी शुद्ध दिसत असेल! शांतपणे चुकणारे यंत्र हे बंद पडलेल्या यंत्राहून अधिक घातक असते, असे आमचे मत आहे.

अक्षर एक की दोन?

दुसरा प्रश्न दर्शकाचा, म्हणजे पडद्यावर लुकलुकणाऱ्या कर्सरचा. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकाच्या दृष्टीने सहा संकेतांक. बाणाची कळ दाबली तर कर्सर किती पुढे सरकावा? मजकुराचे अक्षरशः तुकडे कोठे पाडावेत याचे युनिकोडचे नियम आहेत. त्या नियमांनुसार २०२३ पर्यंत ‘क्ष’ हे एक नसून ‘क्’ आणि ‘ष’ असे दोन गट धरले जात. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५.१ या आवृत्तीत नवा नियम घालून देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड मानण्यात आली. म्हणजे दोष एडिटरचा नव्हता. ज्या प्रमाणावर एडिटर विसंबून होता ते प्रमाणच अपुरे होते. प्रमाण सुधारले तरी प्रत्येक एडिटरने ते उचलेपर्यंत काळ जातो.

अक्षरे पडद्यावर जुळविण्याचे काम बहुधा एडिटर स्वतः करीत नाही. ‘हार्फबझ’ नावाचा एक मुक्त घटक ते करतो. इमॅक्सने २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीत त्याचा अवलंब केला. जे एडिटर टर्मिनलच्या चौकटीत चालतात त्यांची अडचण अधिक आहे. कारण तेथे प्रत्येक चिन्हाला सारख्या मापाचा एक चौकोन मिळतो आणि देवनागरीचे अक्षर चौकोनांत मावण्यासाठी जन्मलेले नाही.

सर्वच विचित्र वाटणाऱ्या गोष्टी दोष असतात असे मात्र नाही. मागे खोडण्याची कळ दाबली असता ‘जि’ हे पूर्ण अक्षर न जाता केवळ वेलांटी जाते, याविषयी अनेकांची तक्रार असते. परंतु ऱ्हस्वाचे दीर्घ करताना संपूर्ण अक्षर पुन्हा लिहावे लागू नये म्हणून केलेली ती सोय आहे. तक्रार नोंदविण्यापूर्वी थोडा विचार करणे इष्ट.

अदृश्याचा बंदोबस्त

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, अदृश्य दिशादर्शक चिन्हे पेरून आज्ञावली वाचणाऱ्यास एक आणि यंत्रास दुसरीच दिसेल असे करता येते. तपासणीस बसलेल्या जाणकाराच्या डोळ्यांदेखत विष कालविण्याचाच हा प्रकार. एडिटरांनी तातडीने पावले उचलली; व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये अदृश्य व फसवी चिन्हे ठळक करून दाखविण्याची सोय त्याच सुमारास आली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण वर वर्णिलेले ‘पऱ्हाटी’मधले जोडचिन्हही अदृश्यच आहे, आणि ते चोर नसून घरचे माणूस आहे. चौकीवरच्या शिपायाने दोघांतला फरक ओळखावा कसा? तो ओळखण्यासाठी त्याला मराठी लेखनाची रीत ठाऊक हवी, आणि ती त्याला सांगणारा मराठी माणूसच असावा लागतो.

नोंद कशी करावी

ज्याला एडिटरची संहिता वाचता येत नाही त्यालाही दोषाची नोंद करता येते. नोंद करताना ‘मराठी नीट चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. अशा नोंदी लवकरच बंद होतात. कोणती आवृत्ती, कोणती संगणक प्रणाली, कोणता फॉन्ट, हे द्यावे. दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहाव्यात. काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे वेगवेगळे सांगावे. पुरवण्या बंद करून दोष राहतो का, हे पाहावे. कारण पुष्कळदा अपराध पुरवणीचा असतो व दंड एडिटरला होतो. आधी कोणी तीच नोंद केली आहे का, हेही शोधावे.

पऱ्हाटीच्या शब्दाबाबत नोंद करावयाची झाली तर तीन ओळींची एक लहान फाइल पुरे. पहिल्या ओळीत सात संकेतांकांचा शब्द, दुसऱ्या व तिसऱ्या ओळींत आठ-आठ संकेतांकांचे. प्रत्येक ओळीपुढे ते संकेतांक लिहिलेले. त्याखाली एक वाक्य : पहिला शब्द शोधला असता तीन जागा मिळावयास हव्यात, एकच मिळते. मराठीचे एक अक्षरही न येणाऱ्या दूरदेशीच्या तंत्रज्ञाला ही फाइल उघडून दोन मिनिटांत पडताळा घेता येतो. मग तो विचारील, हा दोष की मागणी? शब्द तिन्ही वेळा एकच आहे, वाचणारा तो एकच वाचतो, तेव्हा हा दोष आहे, असे उत्तर द्यावे. आणि त्याने ती मागणीच ठरविली तर साठ दिवसांचा हिशेब त्या दिवसापासून धरावा.